ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

२०२० साली आपल्या घरांत एक छोटं यंत्र आलं आणि तिथेच राहिलं. कपड्यांच्या चिमट्यासारखं, बोटाला लावायचं. त्या जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा कोविडचा मृत्युदर देशभर चर्चेत होता. मालेगाव आणि धुळ्याची नावंही रोज बातम्यांत येत होती. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि आशाताई हेच यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. "ऑक्सिजन किती आहे?" हा प्रश्न मेहरूणच्या गल्लीतल्या सातवी पास आजीलाही विचारता येऊ लागला. ९४ च्या खाली गेला तर दवाखाना, हे तिलाही पाठ झालं.

पण त्या यंत्रावर दोन आकडे दिसतात. पहिला ऑक्सिजनचा. दुसरा नाडीच्या ठोक्यांचा, म्हणजे मिनिटाला हृदय किती वेळा धडधडतं त्याचा. हा दुसरा आकडा आपल्याला कुणी शिकवला नाही आणि आपणही विचारला नाही. माझं म्हणणं असं की, काही प्रसंगी हा दुसरा आकडाच आधी बोलतो. पहिला ९६ वर शांत बसलेला असतो आणि दुसरा १२० वर ओरडत असतो. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकते तेव्हा पुष्कळदा असंच घडतं.

मी डॉक्टर नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे या विषयाकडे मी आधी शब्दांच्या बाजूने आले, आणि मला वाटतं आपली पहिली अडचणही शब्दांचीच आहे.

घबराहट या शब्दाची गोम

उर्दूत आपण म्हणतो, 'जी घबरा रहा है'. मराठीत म्हणतो, 'जीव घाबरा होतोय'. वर्गात हे दोन वाक्प्रचार मी शेजारी शेजारी लिहिते, कारण ते सख्ख्या बहिणींसारखे आहेत. दोन्हींत भीती आणि शरीराची तगमग एकाच शब्दात बसते. परीक्षेच्या भीतीनेही जीव घाबरतो, उन्हानेही घाबरतो, आणि छातीत काही बिघडलं तरी घाबरतोच. भाषेच्या दृष्टीने ही श्रीमंती आहे. दवाखान्याच्या टेबलावर मात्र ती महाग पडते.

बाई म्हणते, "डॉक्टरसाहेब, घबराहट होती है." समोरचा ऐकतो, 'ही घाबरली आहे.' मग उत्तर मिळतं, "घाबरू नका, काही नाही, अशक्तपणा आहे." घरी तर त्याहून सोपं. सासू म्हणते नजर लागली, नवरा म्हणतो गॅस झाला, शेजारीण म्हणते बाळंतपणात असं होतंच. बाईने शरीराची तक्रार केली आणि ऐकणाऱ्याने स्वभावाची ऐकली. पुरुषांच्या वाट्यालाही हे येतं, पण बायकांच्या वाट्याला अंमळ जास्तच, हे मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात विचारून पाहा.

आकड्याचं तसं नसतं. 'घबराहट होतेय' याचे दहा अर्थ निघतील. 'दहा मिनिटं बसल्यावरही नाडी ११८ आहे' याचा अर्थ एकच. त्याचं कारण काय ते डॉक्टरने शोधायचं, पण 'काही नाही' म्हणून ते उडवून लावणं अवघड होतं.

गुठळी अडकली की हृदय का धावतं

आता हे घडतं कसं, ते पाहू. कारण समजलं की आकडा लक्षात राहतो.

रक्त गोठणं ही अल्लाहची मोठी देणगी आहे. ते गोठलं नसतं तर बोट कापल्यावरही माणूस गेला असता. पण हेच रक्त शिरेच्या आत, नको तिथे गोठलं की संकट. जर्मनीतल्या रुडॉल्फ विरचो या डॉक्टरांनी १८५६ च्या सुमाराला यावर जे लिहिलं, त्यातून आज शिकवली जाणारी तीन कारणं आली: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. मोठं ऑपरेशन, मोडलेल्या पायाला प्लास्टर, अनेक दिवस खाटेवर पडून राहणं, गरोदरपण आणि बाळंतपण, कर्करोग, काही संततिनियमनाच्या गोळ्या, लठ्ठपणा, आधी कधी झालेली गुठळी, कोविडसारखा आजार. यांतलं काहीही या तिन्हींपैकी एखादं दार उघडतं.

गुठळी बहुतेक वेळा पायाच्या किंवा कमरेखालच्या खोल शिरेत तयार होते. तिचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर वर निघतो. शिरा पुढे पुढे रुंद होत जातात, म्हणून वाटेत तो कुठे अडत नाही. थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचतो आणि तिथून फुप्फुसाकडे ढकलला जातो. तिथे वाहिन्या पुन्हा निमुळत्या होतात आणि तुकडा अडकतो.

हृदयाचे दोन भाग म्हणजे दोन पंप. डावा पंप सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, त्याचा वरचा दाब १२० च्या आसपास. उजवा पंप फक्त शेजारच्या फुप्फुसांना रक्त देतो. त्याला साधारण २५ चा दाब पुरतो, म्हणून त्याची भिंतही पातळ असते. अचानक पुढचा रस्ता बंद झाला की हा पातळ भिंतीचा पंप फुग्यासारखा ताणतो. रक्त पुढे सरकत नाही. फुप्फुसातून डाव्या पंपाकडे जाणारं रक्त कमी होतं. शिवाय फुगलेला उजवा कप्पा मधल्या पडद्याला डावीकडे दाबतो, त्यामुळे डाव्या कप्प्याची जागाही आक्रसते. दर ठोक्याला शरीराकडे जाणारं रक्त घटतं.

इथे पाचवीचा गुणाकार कामाला येतो. शांत बसलेल्या निरोगी माणसाचं हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त फेकतं असं धरू. मिनिटाला ७२ ठोके. ७० गुणिले ७२ म्हणजे ५०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर. आता समजा एका ठोक्याचं माप ७० वरून ४५ वर आलं. शरीराला तर पाच लिटर हवेतच. मग ५०४० भागिले ४५, म्हणजे ११२ ठोके. बादली लहान झाली की फेऱ्या वाढतात. विहिरीवरून पाणी आणलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

या हिशेबाच्या जोडीला आणखी गोष्टी येतात. ऑक्सिजन कमी पडला, छातीत दुखलं, दम लागला की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं आणि ठोके आणखी वाढतात. यात मन घाबरतंही, पण आधी शरीर घाबरलेलं असतं. क्रम लक्षात घ्या. धडधड भीतीमुळेच आहे असं म्हणण्याआधी, भीती धडधडीमुळे आली असेल का, हे विचारायला हवं.

गुठळी मोठी असेल तर फेऱ्या वाढवूनही भागत नाही. रक्तदाब घसरतो, माणसाला चक्कर येते, शुद्ध हरपते. नाडी इतकी बारीक होते की बोटाला लागत नाही. उर्दूत त्याला 'नब्ज डूबना' म्हणतात. अशा वेळी वाढलेले ठोके एकाएकी मंद झाले तर तो आराम पडल्याचा नव्हे, हृदय थकल्याचा इशारा असू शकतो.

नाडी आपल्या ओळखीची होती

उजवीकडचं रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं, दुसरी वाट नाही, ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकात आहे. पण एके काळी युरोपासकट सगळीकडे ग्रीक हकीम गॅलेनचं मत चालत होतं. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं आहेत आणि रक्त त्यांतून पलीकडे जातं, असं ते मत. इब्न सीनाच्या 'कानून'मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना हे मत खोडून काढलं ते इब्न अल-नफीस यांनी. दमास्कसकडचे, काहिऱ्यात हयात घालवलेले, १२८८ मध्ये वारले. पडदा घट्ट आहे, छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून जाऊनच हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे येतं, असं त्यांनी तेराव्या शतकात मांडलं. विल्यम हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक आलं १६२८ मध्ये. इब्न अल-नफीस यांचं हे काम आधुनिक जगाच्या नजरेस पुन्हा आणलं ते मुहीउद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने, १९२४ मध्ये, बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून.

हे मी छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. ती सवय आपल्यात गरजेपेक्षा जास्तच आहे. सांगते ते लाज वाटावी म्हणून. इब्न सीनाने नब्जवर सविस्तर प्रकरण लिहिलं. हकीम मनगट हातात घेऊन वेग, जोर, लय, भरलेपणा असं बरंच काही पाहत. युनानी महाविद्यालयांत नब्ज आजही शिकवली जाते. पण त्याच परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या घरांत नाडी कुठे लागते हे किती जणांना ठाऊक आहे? मी नववीच्या वर्गात विचारलं, "मनगटावर नाडी शोधून दाखवा." अर्ध्याहून जास्त हात करंगळीच्या बाजूला गेले. ती अंगठ्याच्या बाजूला असते.

आकडा पुरावा नसतो, प्रश्न असतो

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. 'मॅडम, तुम्ही घबराट पसरवताय. उद्या सगळा मोहल्ला बोटाला चिमटा लावून डॉक्टरच्या दारात उभा राहील.'

म्हणून हे स्पष्ट सांगते. विश्रांतीत मोठ्या माणसाचे ठोके ६० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा. १०० च्या वर गेले म्हणजे गुठळीच झाली, असं अजिबात नाही. तापात ठोके वाढतात. रक्त कमी असलं की वाढतात, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं नवलाचं नाही. थायरॉइडने वाढतात. मे महिन्यात भुसावळला अंगातलं पाणी आटलं की वाढतात. गरोदरपणात नैसर्गिकपणेच मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त असू शकतात. आणि हो, निव्वळ चिंतेनेही वाढतात.

उलट बाजूही आहे. गुठळी असूनही काहींचे ठोके १०० च्या आतच राहतात. विशेषतः ज्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या सुरू आहेत त्यांचे, कारण त्या गोळ्यांचं कामच ठोक्यांना लगाम घालणं आहे. म्हणून 'नाडी ठीक आहे, मग काही नाही' हाही धडा घ्यायचा नाही.

मग आकड्याचा उपयोग काय? तो इतर गोष्टींशेजारी ठेवायचा. डॉक्टर मंडळीही हेच करतात. फुप्फुसातल्या गुठळीची शक्यता मोजायला जगभर वापरली जाणारी 'वेल्स' नावाची गुणपद्धत आहे. तीत १०० च्या वर ठोके असतील तर दीड गुण मिळतो. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल किंवा तीन दिवस खाटेला खिळून राहावं लागलं असेल, तर आणखी दीड. एका पायाला गुठळीची सूज असेल तर तीन. बाळंतिणीसाठी डॉक्टर वेगळे निकषही लावतात. पण आपल्यासारख्यांना त्यातून एक धडा मिळतो. एकटा आकडा फार बोलत नाही. चार गोष्टी एकत्र आल्या की बोलतो.

त्या चार गोष्टी अशा. अचानक लागलेला दम. खोल श्वास घेताना टोचणारी छाती. एकाच पोटरीची सूज किंवा दुखणं. आणि आधीच्या काही आठवड्यांत ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर किंवा लांबचं आजारपण. खोकल्यातून रक्त पडलं किंवा भोवळ येऊन माणूस पडला, तर मोजत बसायचंच नाही. १०८ ला फोन करायचा.

चाळीस दिवसांची खाट

माझ्या खालाची मुलगी धुळ्याला असते. सिझेरियनला नऊ दिवस झाले होते. तिला चालताना दम लागायला लागला, छातीत धडधड व्हायची, डावी पोटरी दुखायची. जवळच्या एका दवाखान्यात सांगितलं गेलं की रक्त कमी आहे, झोप नाही, पहिलं बाळ आहे म्हणून घाबरलीय. टॉनिक मिळालं. घरी ऑक्सिमीटर लावला, ९६ आला. सगळ्यांना हायसं वाटलं. तिची नणंद मात्र दुसऱ्या आकड्याकडे पाहत राहिली. १२४. तिने दिवसभरात चार वेळा, बाळाला पाजून झाल्यावर, निवांत बसवून तो आकडा वहीच्या पानावर लिहिला. ११८, १२४, १२१, ११९. संध्याकाळी ते पान घेऊन दोघी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आधी पान पाहिलं, मग दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहिल्या. पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा सीटी स्कॅन झाला. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या होत्या. इंजेक्शनं सुरू झाली. पाच दिवसांनी तिचा मला फोन आला, "बाजी, आज अठ्ठ्याऐंशी आहे." तिने तब्येत आकड्यातच सांगितली.

अशीच गोष्ट जगातल्या सर्वांत बलवान खेळाडूंपैकी एकीच्या बाबतीत घडली. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला १ सप्टेंबर २०१७ रोजी सिझेरियनने मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी तिला श्वास लागला. २०११ मध्ये तिच्या फुप्फुसात गुठळ्या झालेल्या होत्या, म्हणून तिने स्वतः सांगितलं की सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं औषध द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधांमुळे ही गोंधळली आहे. तिने हट्ट धरला. स्कॅनमध्ये गुठळ्या दिसल्या. पैसा, नाव, अमेरिकेतलं रुग्णालय, सगळं असूनही तिला आपल्याच शरीराबद्दल हुज्जत घालावी लागली. मग आपल्या गल्लीतल्या बावीस वर्षांच्या सुनेचं काय?

बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने गरोदरपणापेक्षाही जास्त जोखमीचे असतात. जागतिक आरोग्य संघटना मातामृत्यूची गणतीही बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत करते. खानदेशाला या दिवसांची किंमत ठाऊक असायला हवी. शिरपूरच्या शिवाजीराव गिरधर पाटलांची लेक स्मिता पाटील २८ नोव्हेंबर १९८६ ला आई झाली आणि १३ डिसेंबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने गेली. तिच्या बाबतीत कारण गुठळी होतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की बाळ सुखरूप आलं म्हणजे आई सुखरूप झाली, असा आपला जो समज आहे, तो त्या पंधरा दिवसांनी खोटा ठरवला होता.

आता हे ४२ दिवस आणि आपले ४० दिवस शेजारी ठेवा. मराठी घरांत सव्वा महिना म्हणतात, आपल्याकडे चिल्ला. बाळंतिणीला विश्रांती मिळावी, चांगलंचुंगलं खायला मिळावं, हा त्यामागचा हेतू सुंदर आहे. पण विश्रांतीचा अर्थ खाट सोडायचीच नाही असा झाला, की तीच खाट विरचोने सांगितलेलं पहिलं कारण बनते. त्यात टाके दुखतात म्हणून उठायचं नाही, सारखं बाथरूमला जावं लागतं म्हणून पाणी कमी प्यायचं. निफासचे चाळीस दिवस ही नमाज-रोज्यातली सवलत आहे. बाईने पाय हलवू नये, असा कुठला हुकूम त्यात नाही. काम करू नका, पण चालू द्या. सिझेरियननंतर डॉक्टर उठायला सांगतील त्या दिवसापासून घरातल्या घरात फेऱ्या घालू द्या. मालिश जरूर करा, पण एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर ती चोळू नका, आधी दाखवा.

बसून राहण्याचा प्रवास

दुसरी खाट म्हणजे बसची सीट. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्ररात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. तिथे अचानक मरणाऱ्यांमध्ये फुप्फुसातल्या गुठळीचं प्रमाण वाढल्याचं डॉक्टर किथ सिम्पसन यांनी त्याच वर्षी नोंदवलं. खुर्चीची लाकडी कड गुडघ्यामागे दाबत होती आणि माणसं तासन् तास हलत नव्हती.

आपल्याकडे जळगावहून पुण्याला रात्रभराची ट्रॅव्हल्स असते. उमऱ्याला जाणारा माणूस आधी मुंबईपर्यंत गाडीत, मग विमानतळावर, मग विमानात, मग जेद्दाहून बसमध्ये, असा जवळजवळ सगळा दिवस बसूनच काढतो. घाबरून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त प्रवासाने जोखीम सुमारे दुप्पट होते असं दिसलं, पण निरोगी माणसासाठी ती ६००० प्रवासांत एक एवढीच. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या अब्बांसाठी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या चाचींसाठी मात्र हिशेब वेगळा. त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी पाणी प्यावं, घोटे फिरवावेत, धाब्यावर गाडी थांबली की उतरावं. परत आल्यावर महिनाभरात विनाकारण दम लागला आणि नाडी पळू लागली, तर प्रवास केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मुबारकबादीच्या गर्दीत ते सांगायचं राहून जातं.

औषधाबद्दल एक अवघड गोष्ट

हे लिहिल्याशिवाय लेख संपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. गुठळीवर सुरुवातीला दिलं जाणारं हेपॅरिन आणि त्यापासून बनलेलं एनॉक्सापॅरिन हे बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यापासून तयार होतं. हे कुणाकडून तरी कानावर येतं आणि दवाखान्यात नातेवाईक अडून बसतात.

यावर माझं मत सरळ आहे. जीव धोक्यात असेल आणि हाताशी दुसरा उपाय नसेल, तर मनाई सैल होते, हे तत्त्व कुराणातलंच आहे आणि कुठलाही मौलवी ते सांगेल. गुठळीवरच्या उपचारात तास मोलाचे असतात. तेव्हा फतवा शोधत फिरण्यात वेळ घालवणं म्हणजे दीनाच्या नावावर त्याच दीनाने दिलेली सवलत नाकारणं. संकट टळल्यावर डॉक्टरांना शांतपणे विचारा. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेलं इंजेक्शन आहे. वॉरफरिन, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन या गोळ्यांचं मूळ औषधही प्राण्यांपासून येत नाही. प्रत्येक रुग्णाला प्रत्येक औषध चालत नाही, बाळाला पाजणाऱ्या आईला तर नाहीच. निवड डॉक्टरांची. पण विचारायला हरकत नसते.

आणखी एक. ही औषधं असलेली गुठळी वितळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत आणि नवी होऊ देत नाहीत. जुनी गुठळी शरीर स्वतः हळूहळू विरघळवतं. म्हणून ती निदान तीन महिने घ्यावी लागतात. आठवड्याभरात नाडी ताळ्यावर आली, दम थांबला, की 'बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सोडणारे आपल्यात कमी नाहीत. दुसरा आकडा सुधारला म्हणजे वाट मोकळी होऊ लागली. काम संपलं असा त्याचा अर्थ नाही.

वर्गात करता येईल असं काही

माझी मागणी कुठल्या मोठ्या योजनेची नाही. मशीन घरात आहे, मनगट प्रत्येकाला आहे. सहावी ते नववीच्या विज्ञानाच्या तासाला, उर्दू माध्यम असो की मराठी, एक दिवस फक्त नाडीचा असावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला, पहिली दोन बोटं ठेवायची. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. घरी जाऊन अम्मीची, दादीची, अब्बांची नाडी मोजून वहीत लिहून आणायची. प्रत्येकाचा नेहमीचा आकडा घरात लिहिलेला असला, की बदललेला आकडा लगेच ओळखू येतो. ज्याची नेहमीची नाडी ६४, त्याच्या बाबतीत विनाकारण ९८ हीसुद्धा बातमी असते, मग ती शंभराच्या आत का असेना.

यंत्र वापरताना बोट गार नको, नखाला नेलपॉलिश नको, हात हलता नको. दोन्ही आकडे लिहा, वेळ लिहा, तेव्हा माणूस काय करत होता ते लिहा. ते पान दवाखान्यात न्या. डॉक्टरांना रोगाचं नाव सुचवू नका, इंटरनेटवर वाचलेलं ऐकवू नका. फक्त पान पुढे करा आणि विचारा, "बसल्या जागी ठोके एवढे का येत असतील?" या प्रश्नाने कुठल्याच भल्या डॉक्टरचा अपमान होत नाही. उलट गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत निर्णय घेणाऱ्या माणसाला त्याने मदतच होते.

घरात कुणी 'जी घबरा रहा है' म्हणालं, की आपल्या तोंडून सवयीने 'घाबरू नकोस' निघतं. ते म्हणायला हरकत नाही. पण म्हणताना तिचा हात हातात घ्या, दोन बोटं मनगटावर ठेवा आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजा.